मुराळी परत गेला तो दिवस

सासूबाई,

मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलतेय आणि नात लिहितेय. तुम्हाला 'तुम्ही' म्हणायची सवय तुम्ही मेल्यावरही सुटली नाही, नाहीतर आज चांगलं 'अगं' म्हणून घेतलं असतं.

काल अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, इथे जळगावात, नातीने विचारलं, "आजी, तुझे वडील दिसायला कसे होते गं?" फोटो एकही नाही. डोळे मिटून आठवायला गेले, तर आल्या कोण? तुम्ही! कपाळाला पीठ लागलेलं, पुढ्यात चुलीवर पालथं घातलेलं तापलेलं खापर. सोनगीरच्या त्या स्वयंपाकघरातली पोचे पडलेली फुंकणीसुद्धा दिसली. आबा तेवढे दिसले नाहीत.

माझ्या लग्नानंतरची पहिली आखाजी. गावोगावच्या पोरी माहेरी झोके घेतायत, आणि मला न्यायला मुराळी म्हणून आबा स्वतः आलेत, माझ्या पाठीमागे दारात उभे आहेत. पुरणाचा उंडा मी दोन्ही हातांवर फिरवत मोठा करते, आणि खापरावर टाकायच्या आधीच मांडा फाटतो. तुम्ही म्हणालात, "तुनी मायनी काय शिकाडं व तुले? हाऊ मांडा शे का फाटेल गोधडी?" जाऊ फिदीफिदी हसली. तुम्ही आबांना सांगितलंत, आधी मांडे शिकू द्या, मग न्या. आबा त्यावर काहीतरी बोलले. काय बोलले, ते गेलं. तुमचा मात्र शब्दन् शब्द माझ्यापाशी आहे, पुढचा किडका दातही आहे. पोळ्याच्या आधी आबा वारले. त्यांची शेवटची भेट ती, आणि तिच्यातली सगळी जागा तुम्ही अडवून बसलात. मेल्यावर तरी जरा सरकायचं होतं.

हे पत्र पाठवू कुठे? तुमच्या पत्त्यावर यायची मला अजून घाई नाही.

नातीला मी सांगितलं, सासूने मला मागे वळूसुद्धा दिलं नाही. तिचे डोळे भरून आले. ते खोटं होतं, हेही लिही म्हटलं तिला. परत निघताना दारातून आबा निरोपाचं म्हणाले, "येस माय, मी." नेमका तेव्हाच माझा पहिला मांडा अख्खा खापरावर उतरला होता. वळायला मला कोणीच अडवलं नव्हतं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, 'जमला' म्हणाल म्हणून.