शांताच्या गालातली जाळी

९ फेब्रुवारी २००१, केदारखेडा
शांतानं आज पुन्हा ताट अर्ध्यावर सारलं. वरणात मिरचीचा तुकडा नव्हता, तरी तोंडाची आग. सहा महिने हेच. म्हटलं, तंबाखूची मिश्री सोड, आपोआप थांबेल. "किती डाव सांगू, मी मिश्री लावत न्हाई." सगळ्याच बाया असं म्हणतात. पंचवीस वर्षं या गावाची तोंडं बघतोय. ग्लिसरीन दिलं, गोळ्या दिल्या.

१७ फेब्रु.
शां. शेतात गेली तेव्हा तिची ट्रंक उघडली. मिश्रीची डबी नाही. मसाल्याचा डबा, देव्हाऱ्यामागं, उशीखाली, कुठंच नाही. न सापडल्याचा राग जास्त आला. संध्याकाळी तिनं साड्या पुन्हा घडी घालून ठेवल्या.

४ मार्च
सुनीता भोकरदनहून, सासरहून आली. आईला उजेडात बसवून बॅटरीनं तोंड बघितलं. "बाबा, गालात आतून पांढरी जाळी हाय. तुम्ही बघितली का न्हाई?"
नव्हती बघितली. लोकांना आ करायला सांगतो, घरच्या बाईला एकदाही नाही. न बघताच रोग ठरवला. कंपाउंडरचा डॉक्टर झाला की असंच व्हायचं.

१२ मार्च
औरंगाबाद. दातांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई. आरसा घालून दोन्ही गाल नीट बघितले. रोगाचं नाव इंग्रजी, लांबलचक, चिठ्ठीवर लिहून दिलं. जुनाट दाह आहे, शरीर आपल्याच कातडीवर उठतं म्हणे. मिश्रीची खूण दातांवर कुठंही नाही, असंही म्हणाल्या. मी न विचारता. शां.नं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.
मग विचारलं, कावीळ झाली होती? रक्त चढवलं? इंजेक्शनं फार घेतलीत? शां. खुशीत येऊन, "घरचेच डॉक्टर हायेत की आमचे. कणकण आली की टोचत्यात. लई हलका हात हाय."
बाईंनी पेन खाली ठेवलं. "आपण कुठे शिकलात?" म्हटलं, भोकरदनला एका दवाखान्यात होतो. कंपाउंडर हा शब्द काही तोंडातून निघेना.
रक्त तपासायला दिलं.

२० मार्च
कावीळ 'सी' निघाली. लिव्हरच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी. शां.ला बाहेर बसवून बाईंना विचारलं, याच विषाणूनं तोंड आलं का? "संबंध असू शकतो. काही पेशंटांत दोन्ही एकत्र दिसतं, सगळ्यांत नाही. खात्रीनं नाही सांगता येणार."
असू शकतो म्हणजे नसूही शकतो. गाव येईपर्यंत एस.टी.त तेवढंच घोकत होतो. पण तोंडाचं काही असो, विषाणू रक्तात शिरला कुठून, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

२ एप्रिल
झोप नाही. स्टीलचा डबा, त्यात काचेच्या दोन सिरिंजा, पाच-सहा सुया. सकाळी स्टोवर एकदा उकळायच्या. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जाणाऱ्यांची गर्दी असली की मधे नुसत्या गरम पाण्यातून काढायच्या. सुई बोथट झाली की दगडावर घासायची. भोकरदनला हेच बघितलं, हेच शिकलो. नुसती गोळी दिली की लोकांचं तोंड वाकडं. "डॉक्टर, सुई न्हाई का?" सुईशिवाय पाय हलवायचे नाहीत.
लोकांवर ढकलतोय. पाकिटातल्या सुया बाजारात आल्यावरही दोन-तीन वर्षं मी जुन्याच चालवल्या, तेव्हा कुणी हात धरला नव्हता.

१५ एप्रिल
शेजारची जना आली. शां.ला म्हणाली, "वहिनी, ती मिश्री सोडा बाई आता." ही बातमी गावभर कुणी केली? मीच. शां. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना." मी म्हटलं, औरंगाबादला दाखवलंय. हे काय उत्तर झालं. जना मान हलवत गेली.

१ मे
शां.नं सरळ विचारलं. "माझ्या रक्तात हे आलं कुठून?"
"पाण्यातून."
एक कावीळ पाण्यातून येते, ही येत नाही. मला बराबर माहीत आहे. तिनं लगेच मोठं पातेलं चुलीवर चढवलं. आता रोज घरचं सगळं पाणी वीस मिनिटं उकळते. समोर घड्याळ ठेवून. मी एवढं उकळलं असतं तर

२० मे
सुनीता सुट्टीला आलीय. नातीला ताप. मी सुईचं पाकीट फोडलं तशी पोर किंचाळायला लागली. सुनीता हसत म्हणाली, "आई, तू बस की पुढं. आधी आजीला टोचून दाखवा बाबा, मंग ही गप बसंल. आम्हाला असंच करायचे की. मला, जनाकाकूच्या पोरांना, साऱ्या गल्लीला. आधी आईला जरासं टोचायचं, मंग त्याच सुईनं आम्हाला. आई हसायची, आम्हाला वाटायचं दुखत न्हाई."
शां.ही हसली. बाही वर सारून खरंच पुढं येऊन बसली.
मी सुई खाली ठेवली. पोरीला तापाचं औषध पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. सुनीता म्हणाली, बाबा म्हातारे झाले.
हे मी विसरलो होतो, असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. बाकी सगळं लिहिलं, एवढंच लिहिलं नव्हतं.

२२ मे
काल दिवसभर नावं आठवली. जनाची दोघं पोरं. शिंप्याची तिघं. वरच्या आळीतली मोजता येईनात. कुणाची लग्नं झाली, कुणी जालन्याला कामाला. आणि सुनीता.
आज पहाटे शां. पातेलं उचलायला गेली तेव्हा म्हटलं, राहू दे, ते पाण्याचं मी खोटं सांगितलं. मग सगळं सांगितलं. डबा, दगड, गर्दीचे दिवस, तिला आधी टोचणं. ती पातेल्याची कड धरून उभी. रडेल वाटलं होतं. रडली नाही.
"पोरीला माहीत हाय?"
नाही.
"तिचं रक्त तपासून आणा. मंग बोला माझ्याशी."
म्हटलं, गल्लीतल्या घरांतही सांगावं लागेल. तू बरोबर असलीस तर लोक ऐकून घेतील. मारायला उठणार नाहीत.
"न्हाई. तुमचे तुम्ही जा. मी आता पुढं बसणार न्हाई."
सुनीताची गाडी साडेदहाची. दहाला पाच कमी आहेत. ती आत पिशवी भरतेय, शां. तिच्याजवळ बसलीय. दार उघडंच आहे.