राजनंदिनीच्या मेंढीचं पान

सौ. अंजलीताईस,

शिरड शहापूरहून धाकट्या अंगदचा नमस्कार. इकडं सगळे ठीक आहेत. तुझी कंबर आता कशी आहे ते कळव. (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचीच कंबर काहून धरते, असं आई विचारते.)

गावातल्या मेंढरांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटसाठी टेबलांचा डेटाबेस घे, असं तू बजावलं होतंस: सगळ्यांना सारखे रकाने, मालकाचा नंबर एकदाच, वेगळ्या टेबलात. मी ऐकलं नाही. मी डॉक्युमेंटवाला घेतला, म्हणजे दर मेंढीला स्वतःचं पान आणि त्यावर काय वाटेल ते. शेजारचे मसाजीकाका आपल्या कळपातल्या एकेकीचं सांगायला लागले की कुठला रकाना पुरणार? एक म्हणे एसटीचा हॉर्न ऐकला की थबकते. एक ऊन उतरलं की मावळतीकडं तोंड करून उभी राहते, कशासाठी ते तिलाच ठाऊक. मी लिहीत गेलो. दुपारी बाभळीखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन ती पानं वाचत बसतो, समोरून कळप हळूहळू सरकत असतो, आणि पानातली मेंढी कोणती नि माळावरची कोणती ते कळेनासं होतं. ताई, मला फार सुख वाटतं. (आई याला झोपणं म्हणते.)

आता घोटाळा ऐक. मालकाचा नंबर मी हौसेनं प्रत्येक पानावर दोनदा लिहिला होता, वर नावापाशी आणि खाली औषधाच्या नोंदीत; औषधाची तारीख आली की त्या खालच्या नंबरावर आपोआप मेसेज जातो. काकांनी लेकीला, राजनंदिनीला, लग्नात एक मेंढी आंदण दिली. मी वरचा नंबर बदलला, खालचा राहिला. त्यामुळं मेंढी सेनगावला आणि तिच्या जंताच्या औषधाचा मेसेज इथं काकांच्या मोबाइलवर. काका म्हणजे लेकीच्या सासरी कामाशिवाय पाऊल न टाकणारे. लग्नापासून एकदाही गेले नव्हते, नुसते फाट्यावर जाऊन सेनगावच्या जीपकडं बघून परत यायचे. मेसेज आला तसे धुतलेलं धोतर नेसून, औषधाची बाटली घेऊन निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा. नर्मदाकाकू सांगतात, तिथून घरी येतात ते गुणगुणत. मी ओशाळून चूक कबूल करायला गेलो, तर म्हणाले, "यंत्र बोलावून राहिलं म्हणून जातो, बाबा. न्हाई तर मी काहून जाऊ?"

तेव्हा डॉक्युमेंटच बराबर. तुमच्या हापिसातही सांग.

तुझा,
अंगद

ता. क. गुरांच्या दवाखान्यातल्या साहेबांनी औषध राहिलेल्या मेंढ्यांची यादी मागितली. चार दिवस झाले, निघत नाही. मी कुठं 'औषध' लिहिलंय, कुठं 'डोस', कुठं 'बाजाराच्या दिवशी पाजलं'. सुट्टीत ये आणि सगळं टेबलांत घालून दे.

ता. क. २ टेबलात मेसेज मालकालाच जाणार, हे कळतं मला. पण राजनंदिनीच्या मेंढीपुढं काकांचा नंबर राहू दे, काहीतरी कर.

ता. क. ३ मेलेली जनावरं काढशील तेव्हा तिला काढू नकोस. ती पोळ्याच्या सुमारास गेली, काकांनीच सेनगावला जाऊन पुरली. परवा तिच्या औषधाचा मेसेज आला, तर काका बाटली घेऊन जीपमध्ये बसले.