बाबुलनाथच्या पायऱ्या

गिरगाव, १९५७

चि. पद्मजा,

आशीर्वाद मागाहून. दिवाळीत तू पिंडारीच्या दरीतून एका डाकबंगल्यातून दुसऱ्यात चालत गेल्याचं सांगत होतीस, आणि हे समितीची सभा सोडून ऐकत बसले.

"ताई, पुढच्या वर्षी तूही चल," तू म्हणालीस.

"हिला? हिला आपल्याच जिन्यात धाप लागते!" हे म्हणाले. तू हसलीस.

सोळा सोमवार मी केले, आणि हिमालय दिसला तुला, तोही हात न जोडता! फार जळले गं.

तेव्हापासून बाबुलनाथच्या पायऱ्या रोज दोनदा चढते. चाळीत म्हणतात, गोदूताईंची भक्ती वाढली. देवाला खरं ठाऊक आहे. तुला कळायला नको, म्हणून हे पत्र टाकत नाही. पुढच्या वर्षी त्या वाटेवर मला शोधायला मागे वळू नकोस. मी पुढे असेन.

तुझी थोरली बहीण,
गोदू