न कळवलेला गारठा

२ मे
आधी मला हे सांगा, सासू येणार हे ठाऊक असताना बसथांब्यावर न्यायला कुणी का आलं नाही? दोन पिशव्या आणि हे दुखरे गुडघे, सगळं मीच ओढत आणलं. वर जावईबापू दारात हसून म्हणतात, आई, यंत्रं वाचायची वेळ झाली होती. जशी काही यंत्रं उठून पळणार होती. असो. घर हवेशीर आहे, खोली मला आवडली. लेक कामासाठी परगावी गेलीय, ती येईपर्यंत नातीला मी सांभाळायचं. ठमी म्हणतो तिला. चिमुरडी आहे, पण तोंड माझ्यावर गेलंय. जावई हवामान केंद्राचे निरीक्षक. केंद्र कसलं, अंगणात चार पायांवर उभी केलेली झडपांची पांढरी पेटी!

३ मे
जावयांनी पेटी उघडून दाखवली. एका नळीत पारा चढतो आणि चढला तिथंच अडून बसतो, थेट माझ्या जावेसारखा. दुसरीत इवलीशी काडी. गारठा जिथवर उतरला तिथवर ती जाते आणि तिथंच राहते. सकाळी दोन्ही वाचायच्या, पारा झटकायचा, काडी जागेवर आणायची आणि मोठ्या कचेरीला फोनवर आकडे कळवायचे. एवढ्याला पगार! मी म्हटलं, मलाच लावा नोकरीला. ठमी इतकी हसली की दूध नाकातून आलं.

६ मे
आज काडी शून्याच्याही खाली. ऐन उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटत असताना! माझी नजर अजून शाबूत आहे. जावयांनी मात्र फोनवर खुशाल चोवीस सांगितले. टोकलं तर म्हणाले, खरं सांगितलं तर मला वेड्यात काढतील, आकडा मागच्या आकड्यांशी जुळायला हवा. आधीचा निरीक्षकही गारठा असाच हात राखून सांगायचा म्हणे, थंडीतसुद्धा. मी म्हटलं, तुम्ही कळवला नाहीत म्हणून पडलेला गारठा परत जातो होय? त्यांनी काडी जागेवर आणली आणि पेटी लावून टाकली.

९ मे
दोन दिवस झाले, भर दुपारी पेटीखालचं गवत पांढरं. बोट लावलं तर बर्फ. दोरीवरचे कपडे पुठ्ठ्यासारखे कडक. काडी आणखी खाली, फोनवर पंचवीस. हे रोज खोटं सांगतात आणि बर्फाचा तो पांढरा पट्टा रोज घराकडे सरकतो. ठमी म्हणते, पेटीतून कुणीतरी तिला हाक मारतं. बाबांच्या आवाजात. बाबा तेव्हा आत झोपलेले होते.

११ मे
ठमीनं ओ दिली. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. धावले. पोरगी दारात उभी, भुवयांवर बर्फ, हात दगड. दुलईत गुंडाळून छातीशी धरलं. डॉक्टर आला, त्याच्या ताप मोजायच्या नळीतला पारा चढेचना. जावयांना म्हटलं, पाया पडते, खरा आकडा सांगा. फोन लावला. आणि या माणसानं — पंचवीसच सांगितले. नोकरी जाईल म्हणे. नोकरी!

१२ मे
पट्टा व्हरांड्यात. कडी हाताला चिकटते, कातडी सोलते. ठमीचे ओठ निळे. काही खात नाही, नुसती कान देऊन बसते. पुन्हा ओ दिली तर तो गारठा तिला — मला कुणी सांगायला नको.

१३ मे
उंबरा पांढरा. जावई शेजारच्या खोलीत कडी लावून बसलेत. कानांत कापसाचे बोळे. दार बडवलं. ऐकतील तर शपथ.

दुपार
हाक आली. दाराशी. तोच आवाज, ठमीचंच नाव — ती तोंड उघडतेय. एका हातानं दाबून धरलंय, दुसऱ्यानं लिहितेय. हे पान फाडून दाराखालून सरकवते — जावईबापू, बोळे काढा. बाहेर जा. खरा आकडा मोठ्यानं सांगा. त्या गारठ्याला खोटं सांगून तुम्ही परतवलंत, पोरीनं नाही. ती ओ देणार नाही. मीही देणार नाही. ओ तुम्हीच द्यायची. आत्ता. माझा हात बधिर होतोय, सुटला तर ठमी —