ऑल्डरवेलचा तिसरा तापस

शनिवार, ३ फेब्रुवारी १९७३

आले एकदाची. बसने ऑल्डरवेलच्या पुलावर सोडलं. दोन ट्रंका, दुर्बीण, सायकल आणि पुस्तकांचं खोकं एवढा माझा संसार. म्हातारा सायरस लार्टर हातगाडी घेऊन उभा होता. तो इथला बोरू, म्हणजे दलदलीतलं उंच गवत, कापणारा. निम्म्या गावाची छपरं त्याच्या बोरूने शाकारलेली आहेत. बांधावरून पाऊण मैल चाललो, पण गडी तोंडातून शब्द काढेल तर शपथ. दारात ट्रंक टेकवताना मात्र विचारलं, आधी काय करत होतात. म्हटलं, लेस्टरला मुलींच्या शाळेत एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं.

"बरं झालं, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "इथं हजेरी घ्यायला पुष्कळ आहेत."

घर छोटं, विटांचं, बांधाच्या अगदी टोकाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी गवताचा पट्टा दिसतो आणि त्यापुढे समुद्राच्या बांधापर्यंत नुसता बोरू, पिवळाधमक. मला नेमणाऱ्या पक्षीसंस्थेला इथल्या पक्ष्यांची वर्षभराची मोजदाद हवी आहे, दर आठवड्याला त्याच वाटेने, पक्षी बघायला बांधलेल्या त्याच लपणांतून. मुख्य म्हणजे तापस. तापस हा बगळ्याचा भाऊबंद, पण बोरूच्याच रंगाचा आणि जन्माचा लाजाळू. चाहूल लागली की चोच आकाशाकडे करून बोरूच्या काडीसारखा ताठ उभा राहतो. साऱ्या देशात आता फार थोडे उरलेत. बावन्नाव्या वर्षी मनासारखं काम मिळालं, अजून काय हवं?

आज नुसत्या खिडकीतून: चक्रांग बदकं ३४०, चांदवे ६१, दलदलीवर घिरट्या घालणारी भोवत्याची एक मादी. टोस्टवर सार्डिन खाऊन झोपते.

रविवार, १८ फेब्रुवारी

गाव तुसडं आहे. काल दुकानात गेले तर आत चार बायका गप्पा मारत होत्या. मी शिरले आणि चौघी गप्प, जणू दारातून ओलं कुत्रं आत आलं. दुकान आणि पोस्ट एकाच फळीवर, आणि फळीमागे मिसेस एडी कॅचपोल. तिने पैसे घेतले, पण मी पुढे केलेल्या हातावर सुटे काही ठेवले नाहीत, फळीवर टाकले. किती दिवस मुक्काम, असं विचारलं. वर्षभर, मी म्हटलं. तिने मागच्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाली की आधीचे गॅस्किनसाहेबही असंच म्हणत आले होते. ते आता कुठे असतात, असं मी विचारलं. "गेले," म्हणाली आणि चीज कापायला लागली.

असू दे. मला माणसांची शिरगणती करायची नाहीये.

लार्टर रोज कापणीला येतो. गंमत म्हणजे मधल्या पाटापर्यंत कापतो आणि तिथून मागे वळतो. पलीकडचा बोरू उंच, सरळ, छपराला सोन्यासारखा. तो का नाही कापत, असं विचारलं तर म्हणाला, तिकडे त्याचा कोयता बोथट होतो.

बुधवार, २१ मार्च

आज पहाटे तापस बोलला. रिकाम्या मडक्यात कुणी फुंकर मारावी तसा घुमारा, मैलभर ऐकू येणारा. पूर्वेच्या लपणात थर्मास हातात धरून मी लहान मुलीसारखी हरखून गेले होते.

तापस दिसत नाही, म्हणून तो कानांनी मोजायचा असतो. एका लपणातून होकायंत्राने आवाजाची दिशा घ्यायची, सायकल मारत दुसऱ्या लपणात जायचं, तिथून पुन्हा दिशा घ्यायची. नकाशावर दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे पक्षी. तीन नर मिळाले. पहिला गिरणीजवळ, दुसरा तळ्याकाठी, तिसरा मधल्या पाटापलीकडच्या न कापलेल्या बोरूत. घरापासून आठशे यार्ड.

दुकानात हे सांगितल्याशिवाय राहवेना. तीन म्हटल्यावर मिसेस कॅचपोलने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "दोन आहेत, बाई. दोनच लिहा."

बुधवार, ९ मे

पहिल्या दोघांच्या माद्या चारा नेताना दिसतात. तिसऱ्याला मादी नाही. त्याच्या आसपास दोनशे यार्डांत एकही घरटं नाही. चांदवा नाही, बोरूतला वटवट्याही नाही. एवढ्या सुंदर बोरूत एक पक्षी नसावा हे मला पटेना, म्हणून दुपारी घराबरोबर मिळालेली होडी घेऊन पाटातून आत गेले.

मधोमध बोरू गोल दाबून बसवला होता, एखाद्या खोलीएवढा. विष्ठा नाही, माशाचा काटा नाही, पीस नाही. मध्यावर एक ढीग होता. पक्ष्यांच्या पायात ओळखीसाठी आपण घालतो ती अ‍ॅल्युमिनियमची नंबरी कडी. शेकडो. स्वच्छ, चाटून पुसल्यासारखी. मी मूठभर उचलली. त्यांत एक सोन्याची होती. माणसाच्या बोटातली, लग्नातली.

ती घेऊन सरळ दुकान गाठलं आणि फळीवर ठेवली. मिसेस कॅचपोलचा चेहरा पांढराफटक पडला. अंगठी कुणाची हे तिने विचारलंच नाही. "जिथून उचलली तिथं ठेवून या," ती म्हणाली. "आजच. तुमच्या शिकलेपणाची खाज आमच्या जिवावर कशाला?"

नाही ठेवली. शहरातल्या पोलिसांना पत्र लिहिलं आणि तिच्याच पोस्टात टाकलं. दुसरी पेटी इथे नाही.

शनिवार, १४ जुलै

तापस जूनअखेर मुके होतात. पहिले दोघे झाले. तिसरा अजून घुमतो आहे. भर दुपारीसुद्धा.

तीनदा दिशा घेऊन पाहिल्या. चूक नाही. तो सरकला आहे. घरापासून चारशे दहा यार्ड.

होडी गायब आहे. सायकलचे दोन्ही टायर कापलेले. म्हातारा लार्टर बांधावर दिसला तेव्हा त्याला गाठून जाब विचारला. तो भांडला नाही. खाली बसून पाइप पेटवला.

"तुम्ही त्याला पक्षी म्हणता, म्हणा," तो म्हणाला. "आम्ही त्याला काहीच म्हणत नाही. हे घर नव्हतं तेव्हा ते गावात यायचं. माझ्या थोरल्या भावाला अंगणातून नेलं. दुपारची वेळ, आई दोन हातांवर कपडे वाळत घालत होती. मग लोकांनी इथं घर बांधलं. घरात माणूस असला की ते इथंच घुटमळतं. वेळ घेतं."

गॅस्किनचं काय झालं, मी विचारलं.

"साडेचार वर्षं पुरला आम्हाला. भला माणूस. त्याच्या आधीची बाई अकरा महिन्यांत आटोपली."

म्हातारचळ, असं मी स्वतःला सांगते आहे. नकाशावर मात्र आठ ठिपके आहेत आणि आठही एका रेघेत. रेघ माझ्या स्वयंपाकघराकडे येते.

रविवार, २ सप्टेंबर

आज एक ट्रंक उचलून निघाले. संस्थेला आणि पोलिसांना मिळून चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. दुकानातला फोन मला पाहिलं की बिघडतो. म्हटलं, रविवारी बस नाही तर नाही, चालत जाऊ.

पुलावर सगळं गाव उभं होतं. चर्च नुकतंच सुटलेलं, अंगावर रविवारचे कपडे. पुरुषांच्या हातात बोरू कापायचे कोयते. कुणी आवाज चढवला नाही. मिसेस कॅचपोलने मला एक पुडकं दिलं, दोऱ्याने नीट बांधलेलं. माझीच पत्रं. चारही.

"अक्षर सुरेख आहे हो तुमचं," ती म्हणाली.

मी तशीच पुढे झाले. बाबागाडी धरलेली एक तरुण आई आडवी आली. हिला मी फक्त दुकानात पाहिलेलं. ती रडत होती, पण हलली नाही.

"माझी सहा महिन्यांची आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कोण आहे, बाई?"

लार्टरने माझी ट्रंक हातगाडीवर घेतली आणि आम्ही बांधावरून परत आलो. फेब्रुवारीत आलो होतो तसेच.

दोनशे साठ यार्ड.

बुधवार, १७ ऑक्टोबर

धुकं. चक्रांग ०. चांदवे ०. भोवत्या ०. या दिवसांत उत्तरेकडून हजारांनी पक्षी यायला हवेत. काल रानहंसांची एक रांग आली, बोरूवर पोचली आणि दोन भाग होऊन डाव्या-उजव्या बाजूने निघून गेली. पाण्यातल्या दगडाला वळसा घालावा तशी.

दर गुरुवारी फाटकात टोपली ठेवलेली असते. पाव, लोणी, अंडी, कधी अ‍ॅपल-पाय. गाव मला उपाशी ठेवत नाही.

एकशे तीस.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

समुद्राच्या बांधाने निसटून पाहिलं. सकाळी दहा, लख्ख ऊन. तिसरा माझ्या मागे होता, अगदी खात्रीने मागे, आत्ताच दिशा घेतली होती. अर्ध्या वाटेवर घुमारा समोरून आला. इतक्या जवळून की छातीच्या फासळ्या हलल्या. मी उभी राहिले. बोरू उघडला नाही. काही दिसलं नाही. पण मी एक पाऊल मागे टाकलं की थांबायचं, पुढे टाकलं की पुन्हा —

मेंढी हाकतात तसं मला घरी आणलं.

गुरुवार, १३ डिसेंबर

टोपलीत चिठ्ठी. मिसेस कॅचपोलची. माझा राजीनामा तिने संस्थेला धाडला. माझ्यासारखं अक्षर वळवायला वेळ लागला, असं लिहिते. फेब्रुवारीत नवी माणसं यायची आहेत, या खेपेला नवरा-बायको. वाईट वाटून घेऊ नका. नाताळसाठी सोबत फ्रूटकेक.

लार्टर फाटकाबाहेर उभा होता, आत आला नाही. दार लावलेलं असलं की ते थांबतं, असं ओरडून सांगितलं. मग हळू, जणू माझं सांत्वन करावं तसं: "पण माणूस किती दिवस दार लावून बसेल, मास्तरीणबाई? उघडतोच."

मी त्याला शिव्या दिल्या. आयुष्यात कधी न दिलेल्या. त्याने टोपी काढली आणि ऐकून घेतल्या.

बुधवार, ९ जानेवारी १९७४

टोपली फाटकात आहे. सहा दिवस झाले. जाववत नाही.

गवताच्या पट्ट्यावर बोरू आहे. परवा नव्हता. सहा-सात काड्या, सरळ, उंच, आकाशाकडे तोंड केलेल्या. वारा आला की बाकी बोरू हलतो तशाच हलतात. पण वारा थांबल्यावर —

थोडा वेळ जास्त हलतात.

नकाशावर आता ठिपका द्यायला जागा नाही. ठिपका आणि घर एकच.

मंगळवार, २९ जानेवारी

कोळसा संपला. तीन दिवस चूल नाही. वरच्या खोलीत आहे. पावाची कडा आणि केक उरलाय.

घुमत नाही आता. ते जास्त वाईट.

दुपारी बांधावर लार्टर. लांबून धुराड्याकडे बघत होता. धूर नाही म्हणून मान हलवली आणि गेला. मी काचेवर ठोकलं. बहिरा आहे की — नाही. समजून गेला तो. मी संपले, असं समजला.

शनिवार, २ फेब्रुवारी

हातगाडीचा आवाज. बांधावर.

दुर्बिणीतून: लार्टर. मागे दोघं. तिशीतली. त्याच्या खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं, तिच्या गळ्यात दुर्बीण. हसताहेत. लार्टर बांधावरच थांबला. गाडी सोडून दिली. पुढे जा असं हाताने दाखवतोय.

काच फोडली. ओरडले. परत जा, परत जा. आवाज फुटत नाही, किती दिवस बोलले नाही कुणाशी. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला.

ती थांबली. दुर्बीण लावली. गवताच्या पट्ट्याकडे. त्याच्या दंडाला धरून बोट दाखवतेय, आनंदाने, मुलीसारखी — तिला वाटतंय तिला तापस दिसला —

उतरताहेत. बांधावरून खाली. चाळीस यार्ड. तो तिकाटणं उघडतोय.

काड्या वळल्या. सगळ्या एकदम. त्यांच्याकडे.

वही खिडकीतून त्यांच्या दिशेला फेकते. वाचा आणि पळा, पुलावरून नाही, पुलावर ते लोक असतील, समुद्राच्या बांधाने जा, माझ्यामागे असेल तोवर तो तुमच्या —

मला कोण आहे, तिने विचारलं होतं.

खाली जाते. दार उघडलं की ते इकडे वळेल. वळलंच पाहिजे. जोरात उघडते, आवाज होईल असं, आणि मग तुम्ही —