खात्री करावी लागेल

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

तलासरी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दक्षास,

मामाचे आशीर्वाद. घरी सगळे बरे आहोत. मामीचा गुडघा थंडीत धरतो, तेवढंच. तुझ्या होस्टेलवर पाण्याचा त्रास होता, तो मिटला असेल. पत्र बघून हसशील. मोबाईलवर लिहायला बसलो होतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. म्हणून कागद घेतला.

तुला एक सकाळ सांगायची आहे. सतरा जानेवारी, शुक्रवार. आंघोळ करून देवीपुढे दिवा लावला होता, हातात जास्वंद होतं. तेवढ्यात पालघरच्या ऑफिसातून आपल्या पेपरची पुरवणी बघणाऱ्या संदीप सरांचा फोन आला.

"करबटकाका, तुमच्या भाचीने बातमी पाठवलीये. दगडखाणीत सुरुंग उडायच्या आधी शिट्टी होते, आणि पाड्यातल्या बाया पोरं घेऊन, डोक्यावर टोपली धरून आंब्याखाली बसतात. रोज दुपारी. खाणवाला म्हणतो साफ खोटं. कॉलेजची मुलगी आहे, जास्त रंगवलंय का? तुम्ही भागातले जुने. तुम्ही हो म्हणालात तर बुधवारी पहिल्या पानावर घेतो."

मी म्हणालो, "खात्री करावी लागेल."

एवढंच. मग फोन ठेवला आणि ते फूल देवीला वाहिलं.

बातमी आली नाही, हे तुला माहीत आहे. का आली नाही, ते आज सांगतो आहे. त्यांच्या 'कॉलेज वार्ताहर' यादीतून तुझं नाव गेलं तेही माझ्या त्याच उत्तरामुळे. बुधवार उलटला, त्या रविवारी तू आमच्या ओट्यावर बसून विचारलंस, "मामा, मी खोटं लिहिलं का रे?" तुझ्या मांडीवर ती वही होती, प्रत्येक बाईचं नाव, वय, कुणाच्या घराची किती कौलं फुटली, सगळं लिहिलेली. ती वही मी चाळलीसुद्धा. आणि म्हणालो, "या वयात घाई होते, पोरी." तू मान हलवलीस. तुझा माझ्यावर विश्वास होता म्हणून हलवलीस.

पुढच्या आठवड्यात तुझी आई आली. "दादा, पेपरचं खूळ गेलं बघ तिचं. परीक्षा झाली की उंबरगावच्या कंपनीत शब्द टाक." मी लगेच हो म्हणालो. एवढ्या लगेच मी आयुष्यात कुणाला हो म्हटलेलं नाही.

तुला वाटेल, खाणवाल्याने मला काही दिलं असेल. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. त्या माणसाशी माझं कधी बोलणंही झालेलं नाही.

बावीस वर्षं मी तलासरीच्या बातम्या देतो. आधी पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचो, मग डहाणूला जाऊन फॅक्स, आता मोबाईल. हायवेवरचे अपघात, शाळेचे निकाल, दर चैत्रात देवीची जत्रा. सगळी कात्रणं फायलीत आहेत आणि प्रत्येकावर एकच, 'तलासरी, वार्ताहर'. नाव कुठेच नाही. आम्हाला नाव नसतं, हे मी कधीच मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

नोव्हेंबरात बोर्डीच्या चिकू निवडणाऱ्या बायांवरचा तुझा लेख आला. ठळक अक्षरात नाव, वर फोटो. नाक्यावर पांड्याने चहा ओतता ओतता पेपर सगळ्यांना दाखवला. म्हणाला, "काय चिमणशेट, भाचीचा फोटो आला! तुमचा काय मग, डायरेक श्रद्धांजलीतच येणार?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तुझ्या नावावरून अंगठा घासून पाहिला, शाई निघते का. तुझं कात्रण मी फायलीत लावलं नाही. मामी म्हणाली, लावा की. मी म्हणालो, डिंक संपलाय. डिंक होता.

तरी ते नावाचं मी गिळलं असतं. दुसरं एक आहे, ते अजून घशात आहे.

चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, त्याच पाड्यावर मी गेलो होतो. तिथल्या मंदिरावर नवी पत्र्याची शेड झाली होती, तिच्या उद्घाटनाची बातमी घ्यायला. दुपारी शिट्टी झाली. बाया उठल्या, तान्ही काखेत घेतली, आणि त्यांच्यातल्या बायजीने एक टोपलं माझ्याही डोक्यावर उपडं ठेवलं. "बस हितं गप. घरात कौलं पडतात, त्यापरीस आंबा बरा." जमीन हादरली. माझ्या टोपल्यावर खडा वाजला. मग सगळ्या उठून आपापल्या भाकरीकडे गेल्या, आणि मी घरी येऊन शेडची बातमी लिहिली. दोन कॉलम आली.

टोपल्याखाली बसून मला ती बातमी दिसली नाही, दक्षा. तू एक दुपार तिथे बसलीस आणि तुला दिसली. संदीप सर फोनवर सांगत होते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती माझीच होती, चार वर्षं माझ्या डोक्यावर वाजत होती. यावरून मी तुझ्यावर जळलो. देवीच्या समोर, हातात फूल घेऊन जळलो.

त्यानंतरचे शुक्रवार देवीपुढे बसलो. मागायला तोंड उघडेना. आधी सांग, मग माग, असंच वाटत राहिलं.

गुरुवारी पाड्यावर गेलो. बायजीने लांबूनच ओळखलं. "अगं, टोपलंवाला आला!"

मी म्हणालो, "बायजी, खात्री करायला आलोय. शिट्टीची."

"कसली खात्री? तुज्या डोक्यावर टोपलं कोणी ठेवलं व्हतं? तुज्या आयशीनं?" बाया तोंडावर पदर धरून हसल्या. मग ती म्हणाली, "तुजी भाची आली व्हती. लई विचारते पोर. जेवली बी आमच्यात. पेपरात कदी येल ते?"

तेवढ्यात शिट्टी झाली. मी आपणहून टोपलं घेतलं आणि त्यांच्यात बसलो. शेजारी कमळी म्हणून एक पोर आहे, चार वर्षांपूर्वी काखेत होती. आता तिचं टोपलं ती स्वतः धरते.

काल एसटीने पालघरला गेलो. संदीप सरांना सांगितलं, बातमी अक्षर न् अक्षर खरी आहे, मी तिथे बसलेलो आहे, एकदा नाही, दोनदा.

ते म्हणाले, "मग काका, त्या दिवशी का नाही बोललात?"

"जळलो म्हणून."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "खाणवाला भांडायला येईल. हे लेखी द्याल? तारखेसकट? आणि त्या दिवशी काय म्हणालात तेही?"

बातमी बुधवारी येते आहे, पहिल्या पानावर, तुझ्या नावाने. तुझं नाव यादीत परत घेतो म्हणाले, फोन करतील. मला ठेवायचं की नाही ते नंतर बघू म्हणाले. काल संध्याकाळी तुझ्या आईलाही सांगितलं. ती चहा तसाच ठेवून उठून गेली. कंपनीत मी शब्द टाकलेला नाही. तिथे जायचं की लिहायचं ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही तेही.

बुधवारी पेपर घेऊन पाड्यावर मीच जाणार आहे. बायजीला वाचून दाखवीन.

तो लेखी कागद मी काल पालघरलाच, संदीप सरांच्या टेबलावर लिहिला. शिट्टी, आंबा, टोपलं, दोन्ही वेळच्या तारखा, आणि सतरा जानेवारीला मी खोटं बोललो हे. खाली सवयीने 'तलासरी, वार्ताहर' लिहायला लागलो होतो. ते खोडलं. मग जे लिहिलं, तेच इथे लिहितो.

चिमण काकड्या करबट