सातची मोटार अन् सव्वातीन तासांचा सिनेमा

पांढरकवडा, ८ डिसेंबर १९५९
टॉकीजवाल्या रशीदभाईनं गळ घातली. इंग्रजी सिनेमा आला, लोकांना समजत नाही. "मास्तर, इंग्रजी शिकवता ना? भोंग्यावर मराठीत सांगत जा." चारचा खेळ, शाळा सुटल्यावर. हो म्हणून बसलो. काय अवदसा आठवली मले.

९ डिसें.
पाह्यला. जुन्या हॉलिवूडची गोष्ट, मुक्या सिनेमाच्या काळातली. खरंच घडलेला खून म्हणे. डायरेक्टरले बंगल्यात गोळी घालतात, पेपरवाले नटीच्या मागं लागतात. काम फर्स्ट क्लास, खोटं कायले बोलू. पण सव्वातीन तास! निस्ती पार्टीच अर्धा तास. नाचतात, पितात, पुन्हा नाचतात. "आता हे पुन्हा नाचून राह्यले", तीनदा सांगितलं. घसा बसला.

१० डिसें.
खेड्यांकडची शेवटची मोटार सातला. पावणेसातला जवळजवळ सारी टॉकीज उठते. तोवर पोलिसांनी नटीले धरलेलं. खरा खुनी, तिची सुटका, सारं शेवटच्या रिळात. पाहते कोण? मी अन् रशीदभाई!

बाहेर पडलो तर मोटार हुकलेले दोघं पुढं चाललेले. "पाह्यलं? बाईनंच मारला. मास्तरच्या बहिणीवानी." मी मागंच होतो. दुसऱ्या गल्लीत वळलो.

माही बहीण कमल, तिचा नवरा विहिरीत पडून मेला, त्याले आठ महिने झाले. पाय घसरला. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे. गावाले पंचनाम्याशी काय घेणं? तेव्हापासून ती माह्याकडे. उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही.

११ डिसें.
रशीदभाईले म्हटलं, पार्टीचं रीळ गाळा, लोक शेवट पाहतीन.
"रीळ गाळलं तो फिल्म देनेवाले नागपूरवाले मेरी गर्दन काटेंगे."
मग तीनला सुरू करा.
"तीन बजे तुमची शाळा नाही का?"
डोकं भणभणलं.

१२ डिसें.
राहवलं नाही. पार्टी सुरू झाली अन् भोंग्यावर सांगून टाकलं, "मंडळी, या बाईनं खून केला नाही! डायरेक्टरच्या भावानं केला. तुम्ही शेवट पाहणार नाही म्हणून आताच सांगतो. तिनं काही केलं नाही!"

शिट्ट्या, शिव्या. "मास्तर, मजा घालवली ना बे!" एकानं चप्पल भिरकावली. रशीदभाईनं भोंगा हिसकला. उद्यापासून येऊ नका म्हणे. बरंच झालं. सुटलो.

१३ डिसें.
कमलच्या कानावर गेलंच. भाकर वाढता वाढता म्हणाली, "दादा, त्या गोऱ्या बाईसाठी तू साऱ्या गावापुढं वरडला. माह्यासाठी कोनाले एक शब्द तरी बोलला का?"

म्हटलं, लोकांच्या तोंडी लागून काय... ती आत निघून गेली. खरं आहे तिचं. आठ महिने मान खाली घालून चालतो. स्वतःचाच असा संताप आला की जेवण गेलं नाही.

१५ डिसें.
मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत ड्रॉइंगचे मास्तर दात काढत, "काय मग, तुमच्या घरची नटी कशी आहे?" सारे हसले. मी चहाचा कप ठेवला. म्हटलं, "कमलनं काही केलं नाही. कोणाले वाटत असन तर माह्या तोंडावर बोला." आवाज फाटला. हेडमास्तर पेपर वाचत राह्यले. घंटा झाली, जो तो आपापल्या वर्गावर गेला.

कमलले अजून सांगितलं नाही. त्यांना पटलं की निस्ते गप बसले, हेच मले कळलं नाही. तिले काय सांगू?